मदत हवी आहे : पाऊस लागल्यापासून अर्ध्या वाटेत गाडीचा एसी दम सोडतो

नमस्कार मंडळी. गाडीच्या एसीचं काम जाणणारं कुणी असेल तर कृपया पूर्ण वाचा. तीन ठिकाणी दाखवलं, तिघांनी तीन कारणं सांगितली, आणि आता खर्चाचा आकडा मोठा आहे.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेली, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलची. आम्ही वर्ध्याला राहतो. आईला दमा आहे, दर पंधरा दिवसांनी तिला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. ट्रकचा धूर लागला की तिला धाप लागते, त्यामुळे काचा उघडायची सोय नाही.

सकाळी सहाला निघतो. सेलू, केळझर मागे पडेपर्यंत गारवा उत्तम असतो. बुटीबोरी जवळ येऊ लागली की झोत बारीक होत जातो. ब्लोअर जोरात फिरतोय हे ऐकू येतं, क्लायमेट कंट्रोल स्वतःहून वेग वाढवत नेतो, पण जाळीसमोर हात धरला तर हवा नावापुरती. मग समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. मागच्या खेपेला भर पावसात, पुढे ट्रक असताना काच पांढरी झाली. कडेला गाडी घेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता आणि आई मागे पदर नाकाला लावून बसली होती.

चहाला वीस मिनिटं थांबलो तर गाडीखाली पाण्याचं डबकं. एरवी एसीचं पाणी थेंब थेंब पडतं, त्या दिवशी धार लागली होती. पुन्हा निघालो तर एसी एकदम ठणठणीत! मे महिन्यात पारा ४५ वर होता तेव्हा एकदाही असं झालं नाही, हे तर मला मुळीच समजत नाही.

पहिल्या गॅरेजने ‘गॅस कमी असेल’ म्हणून गॅस भरला. गळती पाहिली नाही, किती ग्रॅम भरला तेही सांगितलं नाही. दुसऱ्याने कंप्रेसर थकला म्हटलं. तिसऱ्याच्या मते कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागचा, हवा गार करणारा नळ्या-पात्यांचा भाग) चोक आहे, डॅशबोर्ड उतरवून बदलावी लागेल, १९ हजार. एसी फिल्टर मी स्वतः नवीन टाकला, फरक नाही. डॅशबोर्ड उघडू द्यावा का?

प्रतिसाद

दादा, डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. कॉइल चोक असती तर घरातून निघतानाच झोत कमी मिळाला असता, आणि वीस मिनिटं थांबल्याने ती मोकळी झाली नसती. दोन गोष्टी बघून सांगा. गाडी उभी ठेवून, पंखा एकवर ठेवून एसी अर्धा तास चालवा. कंप्रेसरचा क्लच (कंप्रेसरला इंजिनशी जोडणारा-सोडणारा भाग) मध्ये मध्ये ‘टक’ करून आपोआप सुटतो का? आणि एसीचं बटण बंद केल्यावर लगेच सुटतो का?

धागाकर्ता

आज बोनेट उघडून बसलो. पस्तीस मिनिटांत क्लच एकदाही आपणहून सुटला नाही. बटण बंद केलं की लगेच सुटतो.

प्रतिसाद

म्हणजे रिले (क्लचची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला नाही. तुमची कूलिंग कॉइल गोठते आहे. कॉइलच्या पात्यांत एक छोटा तापमानाचा सेन्सर खोचलेला असतो. कॉइल शून्याजवळ जायला लागली की त्याच्या सांगण्यावरून कंप्रेसर थांबतो, कॉइल थोडी तापली की पुन्हा लागतो. सेन्सरने चुकीचं सांगितलं तर कंप्रेसर थांबतच नाही. एसीतला आर-१३४ए गॅस २८ पीएसआय दाबाच्या आसपास शून्य अंशाला उकळतो; लो साइडचा, म्हणजे कॉइलकडून कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब त्याखाली बराच वेळ राहिला की कॉइलवरचं पाणी बर्फ होतं आणि पात्यांमधली वाट बंद करतं. ब्लोअर फिरतो, हवा येत नाही. थांबलात की बर्फ वितळतो, तेच ते डबकं.

मे महिन्याचं कोडंही यातच सुटतं. विदर्भातली मेची हवा कोरडी आणि भट्टीसारखी. तिला गार करण्यातच कॉइलची सगळी ताकद खर्च होते, ती गोठण्याइतकी थंड होत नाही आणि गोठायला पाणीही कमी मिळतं. जुलैच्या सकाळी हवा २४-२५ अंशांची आणि ओलीचिंब. सेन्सर मेमध्येही बिघडलेला असू शकतो, फक्त त्याची गरज पडली नसेल.

गॅस कमी असला तरी लो साइडचा दाब उतरतो, म्हणून गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावणं टाळू नका. पण आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून कॉइलचं तापमान काय दिसतं ते बघा आणि त्याच वेळी मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचा. तोवर झोत बारीक झाला की एसीचं बटण बंद करा आणि ब्लोअर पूर्ण ठेवा, सात-आठ मिनिटांत वाट मोकळी होते. आई गाडीत असताना काच पांढरी होईपर्यंत थांबू नका. गोठलेल्या कॉइलवर कंप्रेसर रेटत राहिलं तर गॅस द्रवरूपातच कंप्रेसरकडे परततो, आणि मग कंप्रेसर खरंच जातो.

धागाकर्ता

मनापासून आभार. स्कॅनरवर कॉइल १३ अंश, जाळीतला थर्मामीटर ४ वर! वीस मिनिटांनी थर्मामीटर खाली सरकला, स्कॅनर १३ वरच. ग्लोव्ह बॉक्स काढून मिस्त्रींनी सेन्सर बाहेर घेतला, बर्फाच्या पाण्यात बुडवून मीटर लावला. रेझिस्टन्स वाढायला हवा होता, जागचा हलला नाही. नवीन सेन्सर आणि मजुरी मिळून ११०० रुपये. आता क्लच दर काही मिनिटांनी सुटतो. परवा आईला घेऊन गेलो, हिंगण्याच्या फाट्यापर्यंत काच स्वच्छ होती, ती वाटेत झोपलीसुद्धा.

एक शंका राहिली. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅस ४३० ग्रॅम लिहिला आहे आणि पहिल्या गॅरेजने अंदाजाने भरलेला. सगळा काढून, व्हॅक्यूम करून वजनाने पुन्हा भरून घ्यावा, की गेजवर दाब बरोबर दिसतोय तर तसाच राहू द्यावा?