'औदुंबर'मधला 'असला' कसा वाचायचा? मदत हवी आहे

येत्या रविवारी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर बालकवींच्या 'औदुंबर'वर दहा मिनिटं बोलायचंय. कविता जेमतेम आठ ओळींची, पण अर्थ लावणाऱ्यांची रांग संपत नाही. कुणाला पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड विरक्त वाटतं, कुणाला खिन्न, कुणाला त्यात मृत्यूची सावली दिसते.

कविता मोठ्याने वाचून पाहिली, शब्दकोश चाळला, दोन-तीन रसग्रहणं वाचली. उंबराचं फूल फळाच्याच आत दडलेलं असतं, हा धागाही हाती लागला. पण तो कवितेत नाही, मी घुसडतोय असं वाटून सोडला. पहिल्या सहा ओळींत अडचण नाही. हिरवळ, झरा, पायवाट, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. गाडी अडते ती डोहापाशी, शेवटच्या दोन ओळींत: 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'.

बालकवी १९१८मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात गेले, हे ठाऊक आहे. ते आधार म्हणून नको, कविता त्याआधीची आहे. श्रोते बहुतेक निवृत्त मंडळी, त्यामुळे जड परिभाषाही नको.

शेवटच्या ओळीतला 'असला' म्हणजे 'अशा प्रकारचा', की नुसतं 'बसला'ला जोडून आलेलं क्रियापद? आणि 'काळिमा'ला 'गोड' म्हटल्यावरही तिथे मृत्यू वाचता येतो का?