शांत पाण्यासाठी पहिली कयाक: हवेची घ्यावी की टणक प्लास्टिकची?

मुलुंडवासी
नमस्कार. पवना धरणाच्या जलाशयात भाड्याची कयाक चालवल्यापासून स्वतःची एक असावी, असे माझ्या पतीला आणि मला वाटू लागले आहे. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट लहान आहे आणि गाडी छोटी असून तिच्या टपावर कॅरियर नाही. समुद्रात जाण्याचा विचार नाही. तलाव किंवा धरणाचे संथ पाणी पुरेसे आहे. लाइफ जॅकेटांसह खर्च २५ हजार रुपयांच्या आत बसावा. ११ वर्षांची मुलगीही अधूनमधून सोबत असेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ
आपल्या प्रश्नाचा निम्मा निकाल आपल्या लिफ्टनेच लावला आहे. टणक पॉलिएथिलीनची, एका माणसाची, दहा फुटी कयाक साधारण २० ते २५ किलोंची असते. ती जिन्याच्या वळणावर अडकेल, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवलीत तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर ठराव यायला वेळ लागणार नाही. त्यामुळे हवा भरून वापरायची कयाकच पाहावी, असे माझे मत आहे. घडी करून ती डिकीत आणि घरी माळ्यावर मावते.

तिच्या मर्यादा मात्र आधी समजून घ्याव्यात. ती रुंद असल्याने सहसा कलंडत नाही, पण त्याच रुंदीमुळे वेग कमी मिळतो. शिवाय वजनाला हलकी आणि पाण्यावर उंच तरंगणारी असल्याने वारा तिला सहज बाजूला ढकलतो. तळ सपाट असल्यामुळे प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरते. त्यावर उपाय म्हणून तळाशी मागच्या बाजूला लावायची पाती मिळते, ती न विसरता बसवावी. सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणांवर दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून सकाळी लवकर उतरावे आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा मदतीला येतो.

खरेदीनंतर पाण्यात नेण्याआधी ती घरातच फुगवून रात्रभर ठेवावी. हवेचे कप्पे किमान दोन, शक्यतो तीन स्वतंत्र असावेत आणि प्रत्येक कप्पा वेगळा तपासावा. सकाळी किंचित सैल वाटली तर लगेच घाबरू नये, कारण गारव्याने आतली हवा आकसते. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा अधिक बसला असेल तर त्याच्या व्हॉल्व्हवर आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतील तिथे गळती आहे. उलट, काठावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडावी, अन्यथा तापलेल्या हवेचा ताण जोडांवर येतो.

आणि सगळे पैसे कयाकवरच घालवू नयेत. संचासोबत येणारे अ‍ॅल्युमिनियमचे वल्हे सुरुवातीला चालेल, पण लाइफ जॅकेट चांगलेच हवे. ते घालून, सर्व पट्टे आवळून, दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. कानापर्यंत सरकले तर ते आपल्या मापाचे नाही.

जुना वल्हेकरी
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. जलाशयाकाठच्या गावात ओळखीच्या कोणाच्या पडवीत कयाक ठेवण्याची सोय होत असेल, तर जलक्रीडा केंद्राने विकायला काढलेली, वर बसून चालवायची प्लास्टिकची कयाक अधिक टिकाऊ ठरते, आणि पंपाने हवा भरण्याचा व्यायामही वाचतो. मात्र तिचा तळ नीट पाहावा. मागचे टोक जमिनीवर ओढून ओढून तिथले प्लास्टिक पातळ झालेले असते आणि पाणी निथळण्याच्या भोकांच्या कडांना बारीक तडे जातात. अर्धा तास कोणालातरी बसवून पाण्यात ठेवावी, मग बाहेर काढून बूच उघडावे; आतून चांगलेच पाणी निघाले तर सौदा सोडावा.

ठाणेकर
जागेविषयी थोडेसे. पवई तलावात मगरी आहेत, तर विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, म्हणून ही तिन्ही नावे यादीतून काढावीत. ठाण्याची खाडी नकाशावर संथ दिसते, पण उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला माणूस चिखलात अडकतो. खडकांना चिकटलेली कालवे (शिंपले) तर हवेच्या कयाकची वैरीच, त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. धरणावर गेलात तर आधी स्थानिक परवानगीची चौकशी करावी आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये.

मुलुंडवासी
सर्वांचे आभार. पडवीची सोय नाही, त्यामुळे हवेचीच घेऊ. इंटेक्सच्या एक्सप्लोरर के-२ या दोन माणसांच्या कयाकची क्षमता १८१ किलो दिली आहे. आम्हा दोघांचे मिळून १४० किलो होतात आणि मुलगी ३४ किलोंची आहे. तिघे बसू शकतो का?

खाडीकाठ
बेरीज १८१च्या आत येते हे खरे, पण ती कमाल मर्यादा आहे आणि बैठका दोनच आहेत. साधारणपणे क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे सव्वाशे किलोंच्या आसपास भार ठेवला तर कयाक नीट चालते. आपण दोघे बसलात तरी ती जड वाटेल. आलटून पालटून एक मोठे माणूस आणि मुलगी, असे बसावे. तिच्यासाठी वजनानुसार मुलांच्या मापाचे, मांड्यांमधून पट्टा जाणारे जॅकेट वेगळे घ्यावे.