मदत हवी आहे: नर्व्ह कापलेल्या रॅटला कडू कळतं की नाही?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी झूलॉजीला आहे, सेमिनारला रॅटमधल्या चवीच्या नर्व्हज हा विषय घेतलाय. विषय जाम आवडलाय पण एका जागी गाडी अडलीये, इथे न्यूरोवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय.

जिभेच्या पुढच्या भागातल्या टेस्ट बड्स (चव टिपणारे पेशींचे पुंजके) कॉर्डा टिम्पॅनी या नर्व्हकडे, मागच्या ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हकडे, टाळूच्या तिसऱ्याच नर्व्हकडे. त्यात कॉर्डा टिम्पॅनीच्या वाट्याला एकूण टेस्ट बड्सपैकी साधारण 15 टक्केच येतात आणि ग्लॉसोफॅरिंजियलकडे निम्म्याहून बऱ्याच जास्त, म्हणजे या हिशोबाने ग्लॉसोफॅरिंजियल कापली की चवीचा पार बोजवारा उडायला हवा ना? पण होतं उलटंच. तहानलेल्या रॅटला शिकवतात की मीठ लागलं तर हा लिव्हर दाब, पोटॅशियम क्लोराईड लागलं तर तो, बरोबर आलं की बक्षीस म्हणून पाणी. ग्लॉसोफॅरिंजियल कापलेला रॅट हे आरामात करतो, कॉर्डा टिम्पॅनी कापलेला मात्र दोन क्षारांत गोंधळतो. नर्व्ह शाबूत ठेवून द्रावणात नुसतं अमिलोराइड हे औषध घातलं तरी तसाच गोंधळ, कारण ते जिभेवरचे सोडियमचे चॅनल बंद करतं.

आता क्विनीन, म्हणजे कडू चवीसाठी वापरतात तो पदार्थ. गालातून बसवलेल्या नळीने थेट तोंडात सोडलं की धडधाकट रॅट तोंड वासतो, हनुवटी जमिनीवर घासतो, डोकं झटकतो. ग्लॉसोफॅरिंजियल कापली की हे तोंड वासणं एकदम कमी होतं, पण क्विनीन ओळखायची त्याची क्षमता जवळपास तशीच राहते!! मग त्याला कडू लागतंय की नाही लागत? स्लाइडवर काय लिहू?

अजून एक, कॉर्डा टिम्पॅनीतून लाळग्रंथींकडे जाणारे तंतूही असतात, मग क्षारांचा गोंधळ चवीमुळे की लाळ कमी झाल्यामुळे, हे कोणी वेगळं करून पाहिलंय का? प्लीज सांगा, गाईड हमखास विचारणार.

प्रतिसाद १
प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. 'कडू लागतं का' हा एकच प्रश्न धरू नकोस, तिथे दोन कामं आहेत, चव ओळखणं वेगळं आणि तोंडातून बाहेर टाकणं वेगळं. ग्रिल आणि नॉरग्रेन यांचं 1978 चं काम बघ, मेंदूचा वरचा भाग ब्रेनस्टेमपासून (मेंदूचा खालचा, मज्जारज्जूला जोडणारा भाग) तोडलेले रॅटसुद्धा क्विनीनला तोंड वासतात, म्हणजे ती क्रिया ब्रेनस्टेमच्या पातळीवरच घडते आणि तिला मुख्य माहिती ग्लॉसोफॅरिंजियल पुरवते. त्यामुळे तोंड वासणं कमी झालं एवढ्यावरून कडू लागेनासं झालं असं लिहू नकोस. दोन्ही नर्व्हज कापल्या की मात्र क्विनीन ओळखायलाच खूप तीव्र द्रावण लागतं, ही ओळ स्लाइडवर हवीच.

लाळेचं उत्तर आहे. स्पेक्टर यांच्या गटाने 1997 मध्ये नर्व्ह न कापता फक्त त्या लाळग्रंथी काढलेल्या रॅटना तीच लिव्हरची परीक्षा दिली, त्यांचं नर्व्ह कापलेल्यांइतकं बिघडलं नाही. तेव्हा सगळं खापर लाळेवर फोडता येत नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. कॉर्डा टिम्पॅनी परत वाढते गं, त्यामुळे कापल्यावर किती दिवसांनी टेस्ट घेतली हे प्रत्येक पेपरमध्ये आधी बघ. शेवटी जीभ मेथिलीन ब्लूने रंगवून टेस्ट बड्स मोजतात ते त्यासाठीच. बड्स जेवढ्या परत आल्या त्या मानाने क्षार ओळखणंही सुधारलेलं दिसतं. गाईडना हे आवडेल बघ.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! ओळखणं आणि बाहेर टाकणं अशा दोन वेगळ्या स्लाइड्स करते. टाळूच्या नर्व्हबद्दल, खास करून साखरेच्या बाबतीत, कोणाला माहिती असेल तर अजून हवीये, सेमिनार शुक्रवारी आहे.