भाषेची अट बघा
आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवी अभ्यासक्रमाबद्दल 'सगळ्यातलं थोडं थोडं, धड एकही विषय नाही' असा आक्षेप घेतला जातो; तो सरसकट पटत नाही. अभ्यासक्रम कसा बांधलाय त्यावर ते ठरतं. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातली परराष्ट्र सेवेची शाळा ('स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस' हा विद्यापीठाचा विभाग) १९१९ ची, म्हणजे अमेरिकेच्या आजच्या परराष्ट्र सेवेपेक्षाही (१९२४) जुनी. तिथे अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र आहेच, पण परकीय भाषेत प्रावीण्य दाखवल्याशिवाय पदवी मिळत नाही.

मला ही अट सर्वांत मोलाची वाटते. फारसी येणारी मुलगी इराणची वर्तमानपत्रं थेट वाचते, बाकीचे इंग्रजी सारांशावर विसंबतात. आपल्या परराष्ट्र सेवेतही भाषा शिकावीच लागते, पण निवड झाल्यावर. त्यामुळे कॉलेज निवडताना आधी विचारा: भाषा किती वर्षं शिकवता, आणि तोंडी परीक्षा घेता का?