मदत हवी आहे: जर्मनीत गाडीचा खर्च किती धरावा?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही चौघं नाशिकहून स्टुटगार्टला राहायला जातोय. इंदिरानगरला दारात उभी असलेली गाडी विकणारच आहे, तिकडे स्टिअरिंग डावीकडे. पण तिथे घ्यायची का, हे ठरत नाहीये. थर्ड पार्टी विमा सक्तीचा, जुन्या गाडीची दर 2 वर्षांनी तपासणी, बर्फासाठी वेगळे टायर. आपलं लायसन्सही 6 महिनेच चालतं, मग तिथली परीक्षा, तिचा खर्च वेगळाच.

खरी धास्ती विम्याची. इथे 9 वर्षांत एकही क्लेम नाही. तो नो क्लेम बोनस तिकडे कुणाला मिळाला का? विमा कंपनीचं कुठलं पत्र न्यावं लागलं? मुलं लहान आहेत, पहिलं वर्ष ट्रेन-बसवर निभेल का? तिथे राहिलेल्यांनी महिन्याचा खरा खर्च कृपया सांगा.