पॉलिमर नोटा प्रीफिक्सप्रमाणे जमवायच्या आहेत: सुरुवात कुठून करू? आणि ही एए०१ घ्यावी का?

परळकर_नोटा

नमस्कार मंडळी. भारतीय नोटा इनसेट अक्षर (नंबराच्या चौकटीत छापलेलं अक्षर) आणि गव्हर्नरच्या सहीप्रमाणे लावून झाल्या आहेत, आता परदेशी पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या, नोटांकडे वळतोय. थीम वगैरे नको, प्रीफिक्सप्रमाणेच, म्हणजे नंबराच्या सुरुवातीच्या अक्षर-आकड्यांप्रमाणे, जमवायच्या आहेत. महिन्याला दोन हजारांपर्यंत खर्च करू शकतो.

१) इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांपैकी आधी कुठला देश धरावा? त्यांचे नंबर वाचायचे कसे?
२) फोर्टात एका विक्रेत्याकडे चर्चिलची ५ पौंडांची नोट आहे, प्रीफिक्स एए०१. मध्ये एक उभी घडी आहे, कोपरा किंचित दबलाय. ४,००० सांगतोय. घ्यावी का?
३) पावसाळ्यात कागदी नोटांना बुरशीचे डाग पडतात. पॉलिमरला ती भीती नसते म्हणतात. मग नेहमीचा प्लास्टिकचा अल्बम चालेल ना?

सांधा_शोधक

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घेऊ नका. चार हजारांना तर नाहीच, पण घडीसकट हजारालाही नको.

बँक ऑफ इंग्लंडच्या नंबरात दोन अक्षरं, दोन आकडे आणि मग सहा आकडी क्रमांक असतो. अक्षरांनंतरचे दोन आकडे म्हणजे छपाईच्या शीटवरची नोटेची जागा. त्यामुळे एए०१ ही शीटवरच्या एकाच जागेवरून आलेली नोट आणि ०००००१ ते ९९९९९९ मोजलं तर अशा नोटा जास्तीत जास्त दहा लाखांना एक कमी. ऐकायला हा आकडा मोठ्या देशासाठी लहान वाटतो. पण १३ सप्टेंबर २०१६ ला ही नोट आली तेव्हा एए०१ शोधायची एवढी हवा झाली होती की ज्याच्या हाती आली त्यानं ती बाजूला काढली. एके४७ प्रीफिक्सचंही तेच झालं. सगळ्यांनी जपलेली नोट दुर्मीळ होत नाही, ती फक्त प्रसिद्ध होते. एए०१ ला भाव मिळतो तो दोनच बाबतींत: क्रमांक अगदी खालचा असेल तर (पहिली नोट, एए०१ ०००००१, राणीला दिली होती), किंवा नोट खरोखर कोरी असेल तर. तुमच्या विक्रेत्याची नोट या दोन्हींत बसत नाही.

मग शोधायचं काय? सांधा, म्हणजे एक सही संपून दुसरी सुरू होते ती जागा. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर चीफ कॅशियरची सही असते. ५ आणि १० पौंडांच्या पॉलिमर नोटा आधी व्हिक्टोरिया क्लेलँड यांच्या सहीनं निघाल्या, नंतर सारा जॉन यांच्या. क्लेलँडच्या सहीचे शेवटचे प्रीफिक्स आणि जॉनच्या सहीचे पहिले, हा खरा अभ्यासाचा भाग. पहिला प्रीफिक्स कुठला ते लोकांना पहिल्याच दिवशी कळतं. शेवटचा प्रीफिक्स कुठला ते छपाई थांबेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तो कुणी राखून ठेवत नाही. तो चलनात फिरतो, मळतो आणि बँकेत परत जाऊन नष्ट होतो. चार-पाच वर्षांनी कॅटलॉगमध्ये छापून येतं तोवर कोऱ्या नोटा संपलेल्या असतात. तुम्ही भारतीय नोटांत गव्हर्नर बदलतानाचे इनसेट शोधत होतात, तेच डोळे इथे लावा. फार नवीन शिकायचं नाही.

१० पौंड (जेन ऑस्टिन) १४ सप्टेंबर २०१७, २० पौंड (टर्नर) २० फेब्रुवारी २०२० आणि ५० पौंड (ट्युरिंग) २३ जून २०२१ ला आली. राजे चार्ल्स यांचं चित्र असलेल्या चारही नोटा ५ जून २०२४ पासून. सुरुवात ५ पौंडांनीच करा. नोट कोरी नसली तर किंमत दर्शनी मूल्यावर येते, आणि ५० पौंडांच्या एका नोटेत तुमचे दोन-तीन महिने जातील.

फोर्टचा_भिंगवाला

सांधा_शोधक यांच्याशी पूर्ण सहमत. पण प्रीफिक्स संग्रहाला ऑस्ट्रेलियाच धरा, असं माझं मत. कारण नंबरातच साल आहे.

पहिल्या पॉलिमर मालिकेतला नंबर सहसा असा वाचायचा: एए ९५ १२३४५६. दोन अक्षरं हा प्रीफिक्स, पुढचे दोन आकडे छपाईचं साल (इथे १९९५), उरलेले सहा हा क्रमांक. म्हणजे एक प्रीफिक्स, एक साल मिळून फार तर दहा लाख नोटा. न्यूझीलंडच्या १९९९ पासूनच्या पॉलिमर नोटांतही साल असंच असतं. त्यामुळे वही आखणं सोपं: आडवी सालं, उभी दर्शनी किंमत, आणि प्रत्येक चौकटीत दोनच जागा, पहिला प्रीफिक्स आणि शेवटचा प्रीफिक्स. कॅटलॉगही ह्याच पद्धतीनं भाव देतात. मधले सगळे प्रीफिक्स जमवायला जाऊ नका, खोल्या भरतील.

मालिकेचा क्रम: ५ डॉलर १९९२, १० डॉलर १९९३, २० डॉलर १९९४, ५० डॉलर १९९५, १०० डॉलर १९९६. यात ५ डॉलरची पहिली नोट फिकट रंगाची होती. ती इतर नोटांपासून चटकन वेगळी ओळखू येईना म्हणून १९९५ मध्ये रंग गडद केला. फिकट आणि गडद या दोन वेगळ्या चौकटी समजा. नवी मालिका २०१६ ते २०२० या काळात आली: ५, १०, ५०, २०, १०० अशा क्रमानं, दर वर्षी एक.

दोन ठिकाणी नवखे हमखास फसतात.

एक, १९८८ ची १० डॉलरची नोट. ही जगातली पहिली आधुनिक पॉलिमर नोट, २६ जानेवारी १९८८ ची, म्हणून विक्रेते 'जगातली पहिली' सांगून दाम लावतात. पण संग्राहकांसाठी फोल्डरमध्ये घालून विकलेल्या एए प्रीफिक्सच्या नोटा लोकांनी जपूनच ठेवल्या, त्या सहज मिळतात. चलनात गेलेल्या एबी प्रीफिक्सच्या नोटांवरची शाई सुरुवातीला हाताळणीनं घासून जायची, त्यामुळे शाई शाबूत असलेली चलनातली नोट जास्त मोलाची. फोल्डर बघून भुलू नका.

दुसरी, २०१८ ची ५० डॉलर. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या महिला आमदार ईडिथ कोवन यांच्या भाषणाचा सूक्ष्म मजकूर नोटेवर आहे, त्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' या इंग्रजी शब्दातलं शेवटचं 'आय' अक्षर तिन्ही ठिकाणी गळलंय. २०१९ च्या मे महिन्यात ही चूक बाहेर आली तेव्हा अशा सुमारे ४ कोटी ६० लाख नोटा चलनात होत्या. संग्रहात एक जरूर ठेवा, गोष्ट छान आहे, पण 'मिसप्रिंट' म्हणून तिप्पट पैसे मोजू नका. एवढ्या नोटा असताना ती दुर्मीळ कशी?

पॉलिमरवर बदली नोटेची, म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेऐवजी घातलेल्या नोटेची, खूण (आपल्याकडच्या स्टार नोटेसारखी) या देशांत शोधू नका. ऑस्ट्रेलियाच्या पॉलिमरवर तारा नसतो. कॅनडाच्या पॉलिमर नोटेवर तीन अक्षरी प्रीफिक्स असतो आणि बदली नोटा फक्त क्रमांकांच्या ठरावीक टप्प्यांवरून ओळखतात. ते टप्पे पाठ झाल्याशिवाय कॅनडाच्या वाटेला जाऊ नका.

यूव्ही_दिवा

तपासणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रीफिक्ससाठी जास्त पैसे मोजतोय म्हणजे नंबरावर कुणी हात मारलाय का, हे आधी बघायला हवं. पॉलिमर गुळगुळीत असतो, त्यावरची नंबराची शाई द्रावणानं पुसून नवा आकडा छापायचा प्रयत्न होऊ शकतो.

दहापट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील) टॉर्च एवढं खिशात असू द्या.

नोट तिरकी धरून नंबराच्या आजूबाजूची चकाकी बघा. वरचा वार्निशचा थर द्रावणानं उडाला असेल तर तेवढा पट्टा मंद दिसतो. मग नोटेवर जिथे जिथे नंबर आहे तिथला प्रत्येक आकडा जुळवा. भिंगातून आकड्यांची खालची रेघ सरळ आहे का, दोन आकड्यांमधली जागा सारखी आहे का, हे पाहा. एकच अंक जरा वर चढलेला दिसला तर नोट परत द्या.

यूव्हीखाली खरा पॉलिमर काळपट राहतो, साध्या कागदासारखा निळा-पांढरा उजळत नाही. ५ पौंडांच्या नोटेवर '५' चा आकडा लाल आणि हिरवा चमकतो. ऑस्ट्रेलियाच्या २०१६ नंतरच्या मालिकेत पक्षी, छपाईचं साल आणि खुद्द सिरीयल नंबर चमकतो. म्हणजे त्या मालिकेत नंबर साध्या शाईनं बदललेला असेल तर टॉर्चखाली तेवढा भाग गप्प बसेल. दुकानाबाहेर उन्हात उभं राहून हे दिसणार नाही. टॉर्च आणि नोट दोन्ही पिशवीच्या आत धरा.

आणि एक सावधगिरी मराठी संग्राहकांसाठी खास. 'रिझर्व्ह बँकेची १० रुपयांची प्लास्टिक ट्रायल नोट' म्हणून कुणी काही दाखवलं तर पाठ फिरवा. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर या पाच शहरांत चाचणी घेण्याची घोषणा २०१४ मध्ये संसदेत झाली होती, पण चलनात भारताची एकही पॉलिमर नोट आलेली नाही.

परळकर_नोटा

मनापासून आभार. एए०१ चा विचार सोडला. आणखी दोन शंका. घरी ऑस्ट्रेलियाच्या दोन नोटा आहेत, त्या पाकिटात राहून वाकल्यात. कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर सरळ होतील का? आणि या नोटा मुंबईत मिळवायच्या कुठून? फोरेक्सवाल्याला गड्डी दाखवायला सांगता येईल?

कोरडी_पेटी

इस्त्री अजिबात नको!! हा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा ताणलेला पत्रा आहे. १२० अंश सेल्सिअसच्या वर तो आक्रसायला आणि वितळायला लागतो, आणि सुती कपड्यांच्या इस्त्रीचा तवा त्याच्या बराच वर जातो. एकदा आक्रसला की नोट गेली. गरम लॅमिनेशनही त्याच कारणासाठी नको.

वाक आणि घडी यांतला फरक समजून घ्या. नुसता वाक असेल तर नोट दोन गुळगुळीत कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचा, दोन-तीन आठवड्यांत बरीच सरळ होते. घडी मात्र जात नाही. घडीच्या रेषेवर शाईचा थर तुटतो आणि पांढरी रेघ उरते, ती दाबून भरून येत नाही. खोडरबर, स्पिरिट, साबण यांपैकी काहीही लावू नका. चकाकी गेली की ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नोटेचा दर्जा ठरवताना, लगेच पकडतात.

अल्बमबद्दल. बुरशी पॉलिमरला सहसा धरत नाही हे खरं, पण त्यामुळे लोक कुठलाही स्वस्त अल्बम घेतात आणि तिथेच नुकसान होतं. बाजारातले मऊ, वास येणारे पारदर्शक कप्पे पीव्हीसीचे असतात. त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं. मुंबईच्या उकाड्यात ते बाहेर झिरपतं, नोट कप्प्याला चिकटते आणि ओढताना शाई निघते. पॉलिएस्टरचा, म्हणजे मायलरचा, कडक आणि बिनवासाचा कप्पा घ्या. नाही मिळाला तर पॉलिप्रॉपिलीनचा.

कप्प्याचं माप आधी बघून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या नोटा ६५ मिमी उंच, लांबी ५ डॉलरला १३० मिमी आणि पुढे प्रत्येक किमतीला ७ मिमी वाढत १०० डॉलरला १५८. इंग्लंडची ५ पौंड १२५ × ६५, पण ५० पौंड १४६ × ७७, उंचीही वाढते. चारही बाजूंना ३ मिमी मोकळे राहतील असा कप्पा हवा. तंग कप्प्यात सरकवताना कोपरा दबतो, आणि पॉलिमरचा दबलेला कोपरा उठत नाही.

अल्बममधले पुठ्ठे आणि लेबलं मात्र कागदाची असतात, बुरशी तिथे धरते. म्हणून पेटी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनपासून दर पंधरवड्याला रंग बघा. रबरबँड, टाचणी, स्टेपल पेटीच्या आसपासही नको.

फोर्टचा_भिंगवाला

मिळवण्याबद्दल. फोरेक्सवाला चलन देतो ते प्रवासासाठी, पासपोर्ट आणि तिकीट बघून. गड्डी चाळून हवा तो प्रीफिक्स निवडू देईल ही अपेक्षा ठेवू नका. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे परदेशातून येणारे नातेवाईक. त्यांना प्रीफिक्सची यादी पाठवू नका, कुणी शोधत बसत नाही. 'एटीएममधून निघालेल्या कोऱ्या ५ च्या नोटा, न दुमडता, पुस्तकात ठेवून आणा' एवढंच सांगा. छाटणी घरी करा, नको त्या त्यांनाच परत द्या.

विकत घ्यायच्या तर फोर्टातले जुने विक्रेते आणि कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये भरणारी नाणी-नोटांची प्रदर्शनं. प्रदर्शनात शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा, दर मोकळे होतात. मिश्र परदेशी नोटांचा ढीग असतो, त्यात नंबर न बघता दर्शनी किमतीच्या आसपास लावलेल्या पॉलिमर नोटा असतात. तुमचा प्रीफिक्स तिथे निघेल. 'प्रीफिक्स स्पेशल' म्हणून कप्प्यात घातलेल्या नोटांत नफा विक्रेत्याचा असतो.

कायदा लक्षात ठेवा: भारतात राहणाऱ्या व्यक्तीनं परदेशी नाणी कितीही ठेवली तरी चालतं, पण परदेशी नोटा एकूण २,००० अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंतच. तुमच्या बजेटमध्ये ही मर्यादा लवकर येणार नाही, पण १०० डॉलर आणि ५० पौंडांच्या मागे लागलात तर येईल. म्हणूनही लहान किमतीच्या नोटा बऱ्या. बिल घ्या आणि जपून ठेवा.

हात बसेपर्यंत शेजारच्या तीन नोटा घेऊन बघा. श्रीलंकेची १९९८ ची २०० रुपये (फोल्डरमधली लाल नंबराची, चलनातली काळ्या नंबराची), बांगलादेशची २००० सालची १० टका आणि नेपाळची १० रुपये. नेपाळची २००२ ची स्मारक मजकूर असलेली आणि २००५ ची त्याविना, अशा दोन वेगळ्या धरा. नेपाळच्या नोटेवर नंबर देवनागरीत असतो, त्यामुळे आपल्याला वाचायला सोपा आणि बाहेरच्या विक्रेत्याच्या नजरेतून सुटणारा. पहिल्या महिन्याचे दोन हजार तिथे घाला.