मदत हवी आहे: बाबांसाठी जुना जर्मन वस्तरा घ्यायचाय, पण ऑनलाइन लिलावात भाव हाताबाहेर जातोय

खानापूरचा_धाकटा

मंडळी, नमस्कार.

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, धंदा पिढीजात सलूनचा. आजोबा बलुत्यावर गावकी करायचे, सुगीला भात घरी यायचं. बाबांनी पुढं बाजारात दुकान घातलं, आता ते थोरला भाऊ बघतो. मी बेळगावात उद्यमबागेत नोकरीला आहे. दुकानात कधीपासूनच ब्लेडचा वस्तरा आहे: अर्धं ब्लेड घालायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकायचं. ते तसंच पाहिजे, एकाचं रक्त दुसऱ्याला लागता कामा नये.

पण बाबा स्वतःची दाढी अजून अखंड पात्याच्या सोलिंगेन (जर्मनीतलं वस्तऱ्यांचं शहर) वस्तऱ्यानंच करतात. सकाळी परड्यात आरसा टांगून बसले की आधी पातं तळहातावर फिरवतात. पाठ पुढं, धार मागं; टोकाला गेलं की पाठीवरच उलटवायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत आणायचं. धार मध्ये कुठं रुतत नाही की उचलत नाही. मग अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघतात आणि तेव्हाच गालाला लावतात. आता तो वस्तरा संपलाय. दगडावर लावून लावून पातं निम्मं झालंय आणि टोकाजवळ कपचा उडालाय. मला त्यांना तसाच दुसरा आणून द्यायचाय: पाच अष्टमांश इंच रुंद, दोन्ही अंगांनी खोल घासलेला पातळ पात्याचा, गोल टोकाचा.

इकडं जुन्या बाजारात मिळतात ते गंजलेले किंवा ग्राइंडरवर मारलेले. म्हणून ईबे या परदेशी लिलावाच्या साइटवर बघायला लागलो. तिथं गंमत अशी की वस्तरा आठवडाभर वीस-पंचवीस डॉलरवर पडून असतो आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात शंभरच्या पार जातो. मी एक आकडा टाकतो, वर कुणीतरी येतो, मी परत टाकतो, आणि घड्याळ संपतं. फिलार्मोनिका नावाचे स्पॅनिश वस्तरे तर बघायचीही सोय नाही. इंग्लंडच्या शेफील्ड शहरातले जुने रुंद वस्तरे, वेड अँड बुचर कंपनीचे, त्यांचंही तेच. काही जण लिलावात घेतात, पॉलिश मारून नवी दांडी बसवतात आणि तिप्पट भावानं परत विकायला ठेवतात. दाढी करायला वस्तरा पाहिजे असलेल्या माणसानं करायचं काय?

माझ्याकडं पोस्टेज, ड्यूटी सगळं धरून आठ-नऊ हजार आहेत. बोली कशी लावायची, कुठली नावं सोडायची आणि फोटोवरून पातं चांगलं की वाईट कसं ओळखायचं, हे जाणकारांनी सांगा की.

निपाणीकर

दादा, पहिली गोष्ट, थोडी थोडी बोली वाढवणं बंद करा. तिथं आपण आपला जास्तीत जास्त आकडा एकदाच द्यायचा असतो. मग तुमच्या वतीनं साइटच गरजेपुरती बोली वाढवत नेते, आणि जिंकलात तर दुसऱ्या नंबरच्या आकड्यापेक्षा एक पायरी वर एवढंच द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही नव्वद लिहिले आणि दुसऱ्यानं साठ, तर वस्तरा साठ-एकसष्टला तुमचा. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये अशाच दुसऱ्या-बोलीच्या लिलावाचा हिशेब मांडला होता. आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढाच खरा आकडा लिहावा, कमी-जास्त लिहून फायदा नाही, असं त्याचं गणित.

मग शेवटच्या क्षणी झुंबड का उडते? आपल्याकडं गुळाच्या सौद्यात शेवटचा आवाज येईपर्यंत अडत्या थांबतो, तिथं घड्याळ थांबत नाही. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावरच निबंध लिहिला. त्या वेळी अॅमेझॉनही लिलाव चालवायचं, आणि तिथं शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी वाढायची. ईबेवर वेळ ठरलेली. शेवटच्या क्षणाच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त दिसल्या. कारण सरळ आहे. आधी बोली लावली की तुम्हाला काय पसंत आहे ते सगळ्यांना कळतं, आणि ज्याला स्वतःचा अंदाज नाही तो तुमच्या बोलीवर भरवसा ठेवून वर चढतो. तुमची चार दिवस आधीची बोली त्या वस्तऱ्याची जाहिरातच करते.

म्हणून आठ-नऊ हजारांतून आधी पोस्टेज काढा, कस्टम्स ड्यूटी आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) काढा (हे पोस्टेजसकटच्या किमतीवर लागतात, विसरू नका), उरलेल्याचे डॉलर करा. तो आकडा कागदावर लिहा. लिलाव संपायला काही सेकंद असताना एकदाच टाका आणि फोन खाली ठेवा. गेला तर गेला, दुसरा येतो.

नावांचं सांगतो. भाव चढलाय तो ठरावीक नावांचा. फिलार्मोनिकाचे कारखाने बंद झाले, माल नव्यानं येणार नाही, आणि संग्रह करणारे जगभर तेच शोधतात. तुम्हाला ते नकोच. सोलिंगेनमध्ये छोटे छोटे असंख्य कारखाने होते, दुकानदारांच्या नावानंही शिक्के मारून द्यायचे. कुणी ऐकलंही नसेल असं नाव पात्यावर असतं, पण खाली सोलिंगेन असतं. या शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, बाहेरच्यानं तो शिक्का मारायचा नाही. असे वस्तरे शोधा. तीन-चार एकत्र विकायला ठेवलेले, अंधारात फोटो काढलेले, शीर्षकात स्पेलिंग चुकलेले, अशा ठिकाणी गर्दी कमी असते.

चिकोडीची_ताई

मी धातुशास्त्र शिकवते. फोटोचं मी सांगते.

आधी पाठ बघा, धार नंतर. पाठीवर दोन्ही बाजूंनी चपटी चकचकीत पट्टी दिसेल, दगडावर लावताना पाठ घासली जाते त्याची. पट्टी बारीक आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखी असेल तर मालकानं वस्तरा जपलाय. रुंद असेल, किंवा एका टोकाला जाड आणि दुसरीकडं नाहीशी झालेली असेल, तर धार कधी सरळ लागणार नाही. वस्तऱ्याचा कोन पाठ आणि धार मिळून ठरतो. पाठ गेली की कोन गेला. मग धारेची रेषा: जराशी बाहेर फुगलेली चालते, मध्यभागी आत गेलेली असेल तर सोडून द्या.

गंजाचे वरवरचे डाग निघतात. धारेपाशी काळे खड्डे असतील तर ते आत किती गेलेत हे फोटोत कळत नाही. सर्वांत वाईट म्हणजे केसासारखी चीर, धारेपासून वर चढलेली. खोल घासलेल्या पात्यात ती हमखास पातळ भागात असते. विक्रेत्याला निरोप पाठवून खिडकीच्या उजेडासमोर तिरपं धरलेल्या पात्याचा फोटो मागा. पाठवत नसेल तर बोली लावू नका.

आरशासारखं चकाकणारं शंभर वर्षांचं पातं दिसलं तर मला उलट शंका येते. बफिंगच्या चाकावर पातळ धार झटक्यात तापते, आणि पातं निळसर पडेपर्यंत तापलं की पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलंच समजा. पॉलिशनं तो निळा रंगही पुसला जातो. मळकट, न छेडलेला वस्तरा घ्या.

दांडीचंही बघा. सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) जुनं झालं की कुजतं, त्यातून निघणाऱ्या वायूनं शेजारचं पोलाद गंजतं. पात्यावर गंज नेमका दांडीत बसणाऱ्या भागातच असेल तर कारण तेच. आणि पांढऱ्या दांडीचा वस्तरा विक्रेता हस्तिदंती म्हणत असेल तर नादाला लागू नका. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आफ्रिकेतून आयात झालेल्याचाही.

टिळकवाडी

एवढ्या भानगडीपेक्षा सोलिंगेनचाच नवा घ्या ना. तिथं आजही वस्तरे बनतात.

खानापूरचा_धाकटा

टिळकवाडी, बरोबर आहे, बनतात. पण नव्याची किंमत माझ्या बजेटच्या वर जाते, त्यात ड्यूटी आलीच. आणि बाबांचा हात ज्या वजनाला बसलाय तसाच जुना मिळाला तर मला फार बरं वाटेल. नव्याची किंमत मी बोलीची वरची हद्द म्हणून धरणार, एवढं मात्र तुमच्यामुळं पक्कं झालं.

ताई, निपाणीकर, तुम्ही दोघांनी डोळे उघडले. ताईंचं वाचून काल गावी गेलो आणि आजोबांची धोकटी काढली. नराणी, कातरी, फुटका दगड, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक जड वस्तरा. पात्याच्या मुळाशी मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, खाली शेफील्ड. आजोबा काही काळ बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या दाढ्या करायचे, तिकडूनच आला असावा. पाठ जाड आहे, दोन्ही बाजूंची पट्टी बारीक आणि सारखी. धारेला चीर दिसत नाही. दांडी काळ्या शिंगाची, तिला मात्र उभा तडा गेलाय आणि पिन ढिली आहे.

याचा फोटो मी एका ग्रुपवर टाकला तर परदेशातल्या एकानं लगेच चांगला भाव सांगितला, पार्सल करा म्हणाला. विकून आलेल्या पैशात बाबांना सोलिंगेन घ्यावा का, असं मनात येतंय.

निपाणीकर

थांबा! पार्सल करू नका.

व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, कारकीर्द १८३७ ते १९०१. म्हणजे वस्तरा शंभर वर्षांपेक्षा जुना धरायला जागा आहे. शिक्क्यात इंग्लंड हा शब्द नाही, म्हणून तो १८९० च्या आधीचा, असं लिलावात बरेच जण ठोकून सांगतात. ती तारीख अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याची, मालावर मूळ देश लिहायची सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होती. बेळगावच्या कॅम्पात आलेल्या वस्तऱ्याला ती लावता येत नाही. मुकुटाचा शिक्का मात्र बोलतो.

आता कायदा. आपल्याकडं पुरावशेष कायदा १९७२ चा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं जुनी वस्तू त्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. दाढीचा वस्तरा त्यात बसतो की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. पुरातत्त्व खातं तपासून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला देतं, आपल्याला त्या खात्याचं धारवाड सर्कल (विभाग) लागतं. त्या दाखल्याशिवाय टपालात घालू नका.

आणि मनापासून सांगतो, विकूच नका. पाठ शाबूत, चीर नाही, असा शेफील्ड तुम्ही लिलावात शोधायला गेला असतात तर बजेट पुरलं नसतं.

खानापूरचा_धाकटा

नाही विकत. बाबांना रात्री दाखवला. बराच वेळ हातात घेऊन बसले, मग म्हणाले, "पातळ पात्याची सवय माझी, पण ह्ये जड पातं राठ केसाला बरं. आधी दांडी नीट कर." आजोबांनी तो रोजच्या कामाला कधी काढला नाही, ठेवणीतला होता, असंही म्हणाले.

तेव्हा लिलावातला सोलिंगेन सावकाश बघतो, निपाणीकरांच्या पद्धतीनं. आता दांडीचं सांगा. शिंगाची नवी करावी का, पिन कसली घालायची, आणि इतकं जाड पातं दगडावर लावताना बाबांनी काय सांभाळायचं? त्यांनी आजवर पातळच लावलेत.

चिकोडीची_ताई

तडा पिनेच्या भोकापर्यंत गेला नसेल तर जुनी दांडीच चिकटवा, पातळ इपॉक्सी आत जाऊ द्या आणि दोन दिवस दाबून ठेवा. भोकापर्यंत गेला असेल तर म्हशीच्या शिंगाची नवी. भोक पाडताना ड्रिल हळू आणि थांबत थांबत, शिंग तापलं की तडकतं. पिन एक सोळांश इंचाच्या पितळी तारेची, दोन्ही बाजूंना छोटे वॉशर, हातोडी अगदी हलकी. एक टोक ठोकलं की पातं उघडून-मिटून बघा, धार दांडीला घासता कामा नये.

दगडाचं म्हणाल तर जाड पात्याच्या पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा. इतकी वर्षं जपलेली पाठ घासली जाणार नाही. टेप फाटला की बदला, थर मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा, नाहीतर मध्येच कोन बदलतो. आठ हजार नंबरच्या दगडापर्यंत न्या, पुढं चामड्याचा पट्टा पुरे. बाबांना तळहात चालतोच. फोटो टाका झाल्यावर.